अंगठा थांबला नाही

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही — अक्कालाही नाही, आणि ती तर त्या दिवशी फोनच्या दुसऱ्या टोकाला होती. देवनागरी मी शाळेत हिंदीच्या परीक्षांसाठी शिकले, तेव्हा शुद्धलेखन चुकलं तर सांभाळून घ्या. पण हे मराठीतच लिहायला हवं. का, ते कळेलच.

मी तंजावूरच्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. चाळिशी ओलांडल्यावर गिटारवर ब्लूज शिकायची हौस आली — तीही चिमटीत पट्टी (पिक) धरून नाही, बोटांनी. लहानपणी वीणा शिकले होते, म्हणून वाटलं, यात काय मोठंसं? पहिल्याच दिवशी तोरा उतरला. या वादनात अंगठा जाड तारांवर एकसारखा ठेका धरतो आणि बाकीची बोटं बारीक तारांवर गाणं म्हणतात. माझी बोटं गाऊ लागली की अंगठा ठेका सोडून त्यांच्यामागे धावायचा.

शिकवणारे देवसहायम सर. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, जिना चढून गेल्यावरच्या खोलीत एकटे राहायचे. बायको गेल्यापासून त्यांनी लोकांसमोर वाजवलं नव्हतं. आता बोटं आखडली होती, अंगठा मात्र शाबूत. शिकवायची त्यांची तऱ्हा अशी, की अंगठा सुरू करायला लावायचे आणि विचारायचे, सकाळी काय खाल्लंस ते सांग. सांबाराचं वर्णन करता करता माझा ठेका घसरायचा. ते हसायचे. पुन्हा पहिल्यापासून. अंगठा चालणारा माणूस आहे, म्हणायचे, आणि बोटं त्याच्या गप्पा. गप्पा रंगल्या म्हणून कुणी रस्त्यात उभं राहतं का?

कॉलेजच्या वार्षिक कार्यक्रमात मी वाजवणार असं ठरलं, तेव्हा त्यांनी आपणहून विचारलं — जरा चाचरतच — की मीही येऊ का? गाणं तू वाजव, मी नुसता अंगठा धरतो. मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या गिटारला नव्या तारा होत्या. सदराही परटाकडून आणून खुंटीला टांगला होता.

आता आमच्या लोकांची एक खोड सांगायला हवी. तंजावूरच्या मराठी घरांत आम्ही आपसात मराठी बोलतो, आणि दारात तमिळ माणूस उभा असला तर मुद्दाम मराठी बोलतो. साडीवाल्यासमोर भाव ठरवताना, पाहुण्यांसमोर पाहुण्यांबद्दल. भिंतीला कान असतात म्हणतात — आमची समजूत अशी, की असले तरी त्यांना मराठी कळत नाही.

त्या संध्याकाळी तालीम चालू असताना अक्काचा फोन आला. मी तो खांद्यात धरला आणि वाजवत राहिले. सर समोरच बसले होते. कार्यक्रमाचं कसं काय, असं तिनं विचारलं. आणि मी म्हटलं — जसंच्या तसं लिहिते — "म्हाताऱ्याचीं बोटें आतां वळत नाहींत गे. त्याला बाजूला घेऊन बसलें तर लोक मलाच हसतील. प्रोग्राम क्यान्सल झाला म्हणून सांगतें त्याला."

हे बोलत असताना माझा अंगठा एकदाही थांबला नाही. मला त्याचा अभिमान वाटला. खरंच सांगते, त्या क्षणी मनात तेवढंच होतं — जमलं की! सरही माझ्या अंगठ्याकडेच बघत होते.

फोन ठेवला आणि तमिळमध्ये सांगून टाकलं, सर, प्रोग्राम रद्द झाला. ते म्हणाले, "परवायिल्ल, मा." असू दे. मग आवराआवर करताना माझी अंगठ्यात घालायची नखी सापडेना. कुठें पडली मेली, असं मी स्वतःशीच मराठीत पुटपुटले. गिटार पुसता पुसता, मान वर न करता, ते तमिळमध्ये म्हणाले — खुर्चीखाली बघ.

मी खुर्चीखाली बघितलं. नखी तिथंच होती. वाकलेली मी वर यायलाच तयार नव्हते. सरांचं लहानपण आमच्याच लोकांच्या आवारात गेलं होतं, हे मला पुढे त्यांच्या मुलीकडून कळलं. मी विचारलं कधी होतं?

तेव्हा तरी काही बोलायचं होतं. नाही बोलले. कार्यक्रमात एकटीच वाजवून आले, टाळ्या घेतल्या. कुणाकडे शिकलात, असं एका प्राध्यापकांनी विचारलं, तर म्हटलं, इंटरनेटवर बघून.

आणि पुढच्या आठवड्यात मी पुन्हा सरांचा जिना चढले. लाज वाटत नव्हती असं नाही, भरपूर वाटत होती. पण ब्लूजच्या प्रत्येक फेरीच्या शेवटी एक वळण असतं, पुन्हा सुरुवातीला आणून सोडणारं, ते मला अजून येत नव्हतं. ते त्यांच्याकडून शिकायचं राहिलं होतं, म्हणून गेले. त्यांनी शिकवलं. आखडलेल्या बोटांनी सावकाश, पुन्हा पुन्हा दाखवलं. खुंटीवरचा सदरा तिथं नव्हता.

पावसाळ्यानंतर मुलगी त्यांना ओरत्तनाडुला आपल्या घरी घेऊन गेली. निघायच्या सकाळी मी भेटायला गेले. सामान ऑटोत चढलं होतं. ते मागच्या सीटवर बसले, गिटार मांडीवर घेतली आणि माझ्याकडे बघून, आमच्या घरात बोलतात तसल्या मराठीत, अगदी स्वच्छ म्हणाले, "बरें वाजवतेस. सोडूं नको."

पहिल्यांदाच बोलले ते मराठीत. माझ्यासाठी दार उघडून धरलं होतं त्यांनी, मला कळत होतं. मी काय म्हणायला हवं होतं तेही कळत होतं, आणि ते मराठीतच म्हणायचं होतं.

मी वेड पांघरलं. काही वेगळं ऐकलंच नाही अशा चेहऱ्यानं हसले आणि तमिळमध्ये नुसते आभार मानून 'जाऊन या' म्हटलं, "रोंब थँक्स, सर. पोयिट्टु वांग."