पलीकडच्या बाजूची मावशी

डांबरगोळीचा वास नाकात गेला की मला लॉकडाऊन उठल्यावरचा चर्चमधला पहिला रविवार आठवतो. त्याच लॉकडाऊनमध्ये बायको दवाखान्यात गेली ती परत आली न्हाई, आणि पुरायला आम्ही चौघंच होतो. त्या रविवारी ट्रंकेतला पांढरा सदरा काढून तसाच घातला आणि मनात ठरवलं की आजचं शेवटचं, परत यायचं न्हाई. मला धड वाचता येत न्हाई. आमच्यात बाया एका बाजूला, बापय दुसऱ्या बाजूला बसतात, आणि चाळीस वर्षं मी पलीकडं बायकोच्या ओठांकडं बघूनच गीतं म्हटली. आता ती नव्हती आणि बाकी सगळ्यांच्या तोंडाला मास्क. पेटी सुरू झाली, मी गप उभा राहिलो. तेवढ्यात तिच्या शेजारी बसणारी म्हातारी माझ्याकडं वळली, मास्क हनुवटीखाली ओढला आणि एकेक शब्द तोंड वासून म्हणायला लागली. पाळक पुढनं म्हणाले, "मावशी, मास्क वर घ्या." ती म्हणाली, "घेते की, ह्यांचं गाणं होऊ दे. ह्यांच्या बायकोनं दवाखान्यातनं मला फोन करून सांगितलंय, माझ्या माणसाला तोंड दिसू दे." मला मात्र बायको यातलं काही बोलली नव्हती. मी गायलो, शेवटच्या कडव्यापर्यंत गायलो. बाहेर पडताना मावशी म्हणाली, "भावजी, पुढल्या रविवारी सदरा वाळवून घाला, लई वास मारतोय." तवापासनं दर शनिवारी सदरा उन्हात टाकतो.