चरबी वितळवणारे काका

शंकर नगरच्या बागेतले हे काका रोज सकाळी फेऱ्या मारतात आणि भेटेल त्याला चरबी वितळवणारी पावडर विकतात. स्वतःच्या सुटलेल्या पोटावरून मात्र ते मायेने हात फिरवतात. मला हे नेहमीच खटकतं. काल आईने चालणं सोडायचं ठरवून पावडरचा डबा हातात घेतला, तेव्हा मी चाचरत म्हणालो, "काका, कॉलेजात शिकवलं, रोज चाललं की चरबीच स्नायूंना निरोप धाडते, दमसास वाढवायला मदत करते. मग ती वितळवता काहून?"

"हळू बोल ना पोट्ट्या! म्हणून तर मी ही पावडर खात नाही," ते कुजबुजले. त्यांनी आईकडून डबा परत घेतला. "ताई, तुम्ही चालतच राहा."

मला हायसं वाटलं. तोच डबा घेऊन ते शेजारच्या बाकाकडे वळले.