स्क्रीनच्या पलीकडचा माणूस

लष्कराच्या ऑफिसातले एक क्लार्कसाहेब पुनावळ्यातल्या माझ्या दुकानात अधूनमधून कॉम्प्युटर बघायला येतात. मंजुरी वरून येते, पण निवड यांची. येतात ते भर दुपारी. बाहेर कंपन्यांच्या बस दुसऱ्या शिफ्टची माणसं घेऊन चाकणकडे जात असतात आणि दुकान पेंगुळलेलं असतं. रॅम किती, स्पीड किती, हे ते सगळ्यात शेवटी विचारतात. आधी एकेका कीबोर्डवर बोटं ठेवून डोळे मिटतात आणि पाळण्यातलं मूल उठू नये इतक्या हळू टाइप करतात.

"हा फार वाजतोय, शेठ. समोर जवान पोरगं सुट्टी मागायला बसलेलं असतं. आधीच घाबरलेलं."

परवा मी त्यांना मोठा स्क्रीन दाखवला. त्यांनी मला समोरच्या स्टुलावर बसवलं आणि स्वतः कीबोर्डवर बोटं ठेवून स्क्रीनमागे बसले. मला त्यांचे नुसते पांढरे केस दिसत होते.

"नको," पलीकडून आवाज आला.

मग त्यांनी लहान स्क्रीन घेतला, तोही पार खाली केला आणि त्याच्यावरून माझ्याकडे बघत राहिले. वर पंखा फिरत होता. मी उगाच हसलो.

"हाच घेऊ," ते म्हणाले, पण उठले नाहीत. "घरी कोण आजारी आहे, शेठ?"

दुकानात मी कुणाला बोललो नव्हतो. कुणी विचारलंही नव्हतं.

"आई," मी म्हणालो.

त्यांनी कीबोर्डवरची बोटं उचलली आणि हात मांडीवर ठेवले.