ऊन आपलं, पाणी त्यांचं

दिनकरमामा जिन्यात दिसले की आम्हा सगळ्यांचे हात आपोआप बटणांकडे जायचे. मामा आमच्या ऑफिसचे वायरमन, मूळ गारगोटीकडचे. रिकाम्या खुर्चीवर पंखा फिरताना दिसला की ते खुर्चीलाच विचारायचे, "काय पावणं, लई घाम आलाय व्हय?" आणि खट्कन बटण बंद. खुर्चीतला माणूस पाणी प्यायला उठला असला तरी दया नाही!

ऑफिस म्हणजे राजारामपुरीत एका क्लासच्या वरच्या दोन खोल्या. दोन शेजारी राज्यांनी मिळून वीज वाचवावी, सीमेवरच्या गावांत सौरऊर्जा न्यावी, म्हणून नेमलेली समिती तिथे बसायची. इतिवृत्त मी लिहायची. एकदा भर दुपारी पडदे ओढून, सगळे दिवे लावून 'सूर्यप्रकाशाचा वापर' या विषयावर बैठक चालली होती. मामा आले, दिवे बंद केले आणि पडदे सारले. भिंतीवरची प्रोजेक्टरची चित्रं पुसट झाली तसे पलीकडच्या राज्याचे साहेब ओरडले, "अहो, काही दिसत नाही!"

"सूर्य दिसतोय की सायेब. त्येचंच चाललंय न्हवं?"

असा हा माणूस वर्षभर मात्र एका वायरीपायी झुरत होता. मामांची थोरली बहीण, आक्का, सीमेवरच्या ओढ्यापलीकडे दिलेली. त्या वाडीवर डोंगराची सावली, म्हणून सौर पॅनेलच्या पाट्या ओढ्याच्या अलीकडे, आपल्या राज्यात उभ्या केल्या. विहीर आणि पंप पलीकडे, त्यांच्या राज्यात. दोन्ही बाजूंनी उद्घाटनं झाली, दोन कोनशिला बसल्या, पेढेही वाटले. मधली वायर कुणाच्याच यादीत नव्हती. बारकीशी वायर हो, ओढ्यावरून जाईल एवढी! पण वीज सीमा ओलांडणार म्हटल्यावर विषय वर गेला, आणि वर गेलेला विषय खाली येतोय कशाला.

"ऊन आपलं, पानी त्यांचं, मग वायर कुनाची?" मामा प्रत्येक बैठकीनंतर मला विचारायचे. "आक्का गुडघं धरून विहिरीची चढन चढती. तिला काय सांगू? विषय पटलावर हाय म्हनून?"

मी लिहायची, 'चर्चा झाली.'

त्या दिवाळीत मामा मला म्हणाले, "भाऊबीजेला चला आक्काकडं. जेवायलाच चला." गेले, तर मामांच्या खांद्यावर वायरीचं भेंडोळं! आक्कांनी मामांना ओवाळलं, आणि मामांनी ते भेंडोळं ताटात घातलं. ताट वाकडं झालं. आक्का ओरडल्या, "दिन्या, लुगडं आनायचं सोडून ह्ये काय आनलंस रं?"

"पानी हाय त्यात," मामा म्हणाले.

तासाभरात वायर जोडली; आता पाट्यांवर ऊन पडलं की पंप आपोआप चालणार होता. पंप घरघरला, आधी गढूळ आणि मग नितळ पाणी आलं. आक्का पाण्याखाली हात धरून उभ्या राहिल्या. मला रडू फुटलं, कशाला लपवू?

पुढच्या बैठकीत समितीचं पहिल्यांदा एकमत झालं: मामांना नोटीस द्यायची आणि वायर काढायची. मामांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते. मामांनी खुलासा सांगितला, मी लिहिला: 'बहिणीला ओवाळणी घातली आहे. ती परत मागण्याची आमच्याकडे रीत नाही. समितीस हवी असल्यास समितीने स्वतः मागावी.'

समिती खरंच गेली की हो! दोन राज्यांच्या दोन जीपगाड्या, मागच्या सीटवर मी वही घेऊन. आक्का ताट घेऊन दारातच उभ्या. "बर्री अण्णा, कूडरी," या दादा, बसा, असं कानडीत म्हणत पलीकडच्या साहेबांना त्यांनी पाटावर बसवलं, शेजारी आपल्या साहेबांना. "पौर्णिमेपातूर भाऊबीज चालतीया." साहेबांना काही कळायच्या आत दोघांच्या कपाळाला कुंकू, आणि निरांजन फिरलंसुद्धा. दोघांनी घाईघाईनं खिसे चाचपले. आक्कांनी ताट मागं घेतलं.

"पैसं नकोत. ती वायर हाय तितं ऱ्हाऊ द्या, तेवढीच घाला."

दोन्ही साहेबांनी पाकिटं परत खिशात ठेवली. मग आपले साहेब मला म्हणाले, "लिहा. अर्धी वायर आमची." पलीकडचे म्हणाले, "अर्धी आमची." नोटिशीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

मामा निवृत्त झाले, आणि पुढच्या दिवाळीआधीच गेले. ताप आला, चार दिवसांत सगळं संपलं. भाऊबीजेला आक्का एकट्या असतील म्हणून मी सकाळीच वाडीवर गेले. भाऊ नसलेली बाई चंद्राला ओवाळते, म्हणून मी म्हटलं, "आक्का, संध्याकाळी चंद्र दिसेपर्यंत थांबते मी तुमच्याबरोबर."

"चंद्र कशाला?" आक्का म्हणाल्या. ताट घेऊन, गुडघे धरत त्या ओढा उतरल्या, अलीकडे चढून आल्या. सौर पाट्यांवर ऊन पडायला लागलं होतं. त्यांनी एकेका पाटीला कुंकू लावलं, ओवाळलं आणि ताट हातात धरून तिथंच थांबल्या.

पलीकडे पंप सुरू झाला.

"आला बघा दिन्या," आक्का म्हणाल्या.