तीन मिनिटांचा टायमर

साखर कारखान्याच्या भंगारातून आणलेला तो पॉवर ॲम्प्लिफायर मुळात ट्रकवाल्यांसाठी होता. ‘गाडी निघाली’ म्हणायचं आणि बटण सोडायचं, एवढाच त्याचा जीव. त्याला आम्ही हौशी रेडिओवाल्यांच्या हॅम रिपीटरला जुंपलं. म्हणजे हातातल्या लहान सेटवरून आलेलं प्रत्येक बोलणं त्यानं जोर लावून दूरवर फेकायचं. माझा जोडीदार निवृत्त वायरमन. त्यानं कॉइलचे वेढे कमी केले, फिल्टर बदलला, उष्णता ओढून घेणारा पाट्याएवढा हीटसिंक आणि पंखा बसवला. शिवाय तापून जळू नये म्हणून एक टायमर : कोणी सलग तीन मिनिटं बोललं की रिपीटर आपोआप गप्प. आतला मोठा ट्रान्झिस्टर आता कुठं मिळत नाही. आमच्याकडे तो एकच होता.

कपिलधारच्या दरीत मोबाईल धड लागत नाही. यात्रेत कुणी पडलं, हरवलं, तर टेकडीवरचा हा डबाच निरोप पोचवणार होता. यात्रा दुसऱ्या दिवशी. तेव्हा आदल्या दिवशी जिल्ह्याहून येणाऱ्या साहेबांच्या हस्ते उद्घाटन आलंच.

टेकडीवरच्या पत्र्याच्या खोलीत शिरलो तर टायमरची वायर लोंबत होती.

“कावून काढली बे?”

“यात्रा समितीचे सचिव म्हणले, साहेबांचं बोलणं मधीच तुटलं तर बरं दिसत न्हाई.” वायरमननं चष्मा पुसला. “साहेबांचा नुसता नमस्कारच तीन मिनिटं चालतो.”

खाली मंडपात साहेबांनी सेटचं बटण दाबलं ते सोडलंच नाही. सहाव्या मिनिटाला हीटसिंकवर हात ठेववेना. नवव्या मिनिटाला जळक्या वार्निशचा वास आला. साहेब अजून जिल्ह्याच्या इतिहासात होते.

“ओढ की पॉवरची वायर,” वायरमन म्हणाला.

मंडप दरीबाहेर, तिथं मोबाईल लागायचा. मी सचिवांना फोन लावला. “हात लावू नका,” ते कुजबुजले, “फोटो चाललेत.”

आयुष्यभर अशा समारंभांची टिंगल केलेला मी, हात खिशात घालून उभा राहिलो.

मीटरचा काटा थरथरला आणि शून्यावर पडला. आवाज काही झाला नाही. खाली साहेब पुढे वीस मिनिटं बोलले, टाळ्याही पडल्या. मंडपात लाउडस्पीकर होताच; रिपीटर मेल्याचं तिथं कुणाला कळलं नाही.

सकाळी सचिवांनी स्वयंसेवकांना सेट वाटले. रिपीटर मेल्याचं मी सचिवांना सांगितलं होतं. “लोकांना घाबरवू नका,” म्हणाले. दरीच्या वाटेवर माणसांची रांग लागली होती. एका स्वयंसेवक पोरीनं बटण दाबून विचारलं, “हॅलो, ऐकू येतंय का?” आणि उत्तराची वाट पाहत ती खाली उतरू लागली.