गुहेतलं करडू आणि बजाबाई

सकाळीच ऊन चटके द्यायला लागलं होतं. सोलापूरचा चैत्र, वाऱ्याचं नाव नाही, लिंबाचं पान हलत नव्हतं. बजाबाई अंगणातल्या चुलीपुढं बसून जोंधळ्याच्या भाकरी थापत होती. पातळ थापायची, भाजायची, मग निखाऱ्यावरच्या जाळीवर कडक व्हायला ठेवायची. कोपऱ्यावरच्या दुकानाला रोज टोपलीभर कडक भाकरी जायची. हात नेहमीसारखे चालत होते, पण जीव भाकरीत नव्हता. समाजमंदिरात डोळे तपासायचं शिबिर लागलं होतं आणि सून वैजयंती तिला तिकडं घेऊन जाणार होती.

बजाबाई सापाला भ्यायची नाही, विंचवाला भ्यायची नाही. पण डोळ्याला कुणी हात लावणार म्हटलं की तिला कापरं भरायचं. ती लहान असताना वळसंग गावात तिच्या चुलतीच्या, सारजाबाईच्या, डोळ्यांत एका वैदूनं कसल्याशा मुळीचा रस पिळला होता. चुलतीची ती किंकाळी बजाबाईनं दाराआडून ऐकली होती. त्यानंतर सारजाबाई मरेपर्यंत भिंत चाचपत चालली.

समाजमंदिरात रांग मोठी होती. भिंतीवर अक्षरांचा तक्ता. वर बैलाएवढं अक्षर, खाली उतरत उतरत मुंगीएवढी. ज्याला खालची वाचता येत नव्हती, त्याला आत डॉक्टरीणबाईंकडं पाठवत होते. आत गेलेला एक म्हातारा बाहेर येऊन म्हणाला, "ऑपरेशन सांगितलं."  बजाबाईनं कान टवकारले. पुढची माणसं एकामागून एक तीच अक्षरं वाचत होती. ओव्या पाठ करणाऱ्या बाईला तक्ता पाठ करायला कितीसा वेळ लागतो? नंबर आला तेव्हा तिनं एक डोळा झाकला, मग दुसरा, आणि वरपासून खालपर्यंत सगळं घडाघडा म्हणून दाखवलं.

"अरे वा, मावशी! डोळे पोरीसारखे हायत की तुमचे," तपासणारी मुलगी म्हणाली.

वैजयंती खूश होऊन गणवेशाच्या कारखान्यात शिवणकामाला निघून गेली. बजाबाई घरी आली, घटाघटा पाणी प्याली आणि उंबऱ्यात बसून तिनं पुस्तक उघडलं.

पुस्तक लहान मुलांचं होतं. ती शिकली तिसरीपर्यंतच. मुलगा पृथ्वीराज शाळेत असताना त्याला बक्षीस मिळालेली पुस्तकं तिनं वाचायला घेतली ती घेतलीच. तो नोकरीला पुण्याला गेला, त्याचं लग्न झालं, तरी ही वाचनालयात जाऊन सरळ मुलांच्या कपाटापुढं उभी. नातवासाठी का, म्हणून कुणी विचारलं तर म्हणायची, "नातू व्हायचाय अजून. मलाच पायजे."

वैजयंती चिडवायची, "आत्या, ही बारक्या पोरांची हायत की!"

"मग? बारक्यांसाठी केलेलं लाडू थोरांनी खाऊ न्हाईत व्हय? थोरांच्या पुस्तकात निस्ती भांडणं. ती आपल्या गल्लीत फुकट ऐकाय मिळत्यात."

या खेपेचं पुस्तक एका करडाचं होतं. आईपासून चुकलेलं करडू डोंगरातल्या गुहेत शिरलेलं. बजाबाई धनगराची लेक, चुकल्या करडाचं काय होतं ते तिनं डोळ्यानं पाहिलेलं. जीव मुठीत धरून तिनं पान उलटलं. अख्खं पान काळं होतं. अंधारात दोन पिवळे ठिपके आणि खाली फिकट, बारीक अक्षरं. आजवरची ठसठशीत अक्षरं कशीबशी लागत होती. ही मात्र दुधावरच्या सायीखाली बुडाल्यासारखी. तिनं पुस्तक उन्हात धरलं, लांब धरलं, नाकाला लावलं. काही दिसेना.

दुपारच्या सुट्टीत वैजयंती जेवायला आली. बजाबाईनं तिच्यापुढं पुस्तक सरकवलं. "एवढं वाच की गं."

वैजयंतीनं एका हातात भाकरी धरून भराभरा वाचायला घेतलं, "अंधार होता, दोन डोळे चमकले, करडू थरथरलं..."

"थांब! असं बाजाराची यादी वाचल्यागत न्हाय वाचत. भ्या वाटलं पायजे!"

"मग तुमीच वाचा की. डोळं पोरीसारखं हायत न्हवं तुमचं?"

बजाबाईनं काळ्या पानावर बोट फिरवलं. पहिल्यांदाच तिला दुसरं भय शिवलं. हे पान असंच काळं राहणार. मग पुढचं, मग सगळीच. चुलती भिंत चाचपायची, आपण पुस्तक चाचपायचं. 

"वैजू," ती म्हणाली, "मी तक्ता पाठ केला हुता."

वैजयंतीच्या हातातला घास हातातच राहिला. तिनं कारखान्याला फोन लावून सुट्टी घेतली आणि सासूला पुन्हा रांगेत नेऊन उभं केलं. रांगेपाशी आलेल्या डॉक्टरीणबाई सगळं ऐकून हसल्या. "आता तक्ता काय कामाचा? दुसरं काहीतरी वाचून दाखवा."

बजाबाईनं पिशवीतनं पुस्तक काढलं. वर शेपूट उडवणारं करडू. रांगेतला धोंडीराम रिक्षावाला खिदळला, "काय म्हातारे, बालवाडीत नाव घातलं काय?"

"घातलंय. तुजं घालू? तुला तर पैलं पान बी जमायचं न्हाय."

रांग हसली. बजाबाईनं काळं पान उघडून डॉक्टरीणबाईंपुढं धरलं. "ह्यातलं मला कायबी दिसत न्हाय, बाई."

मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या दिवशी तिनं वैजयंतीचा हात इतका आवळला की बांगडी फुटली. "वैदू न्हाय ना आत?" ती पुन्हा पुन्हा विचारत होती. आत निजवलं, तोंडावर कापड आलं, डोळ्यावर दिवे पेटले. पिवळे. ती करडासारखी थरथरली. पळावं तर वाट नाही, ओरडावं तर तोंड हलवायचं नाही. "आई गं, आई गं," ती मनातल्या मनात म्हणत राहिली. पंचावन्न वर्षांच्या बाईनं कुणाच्या आईला हाक मारली, तिचं तिलाच ठाऊक.

पट्टी निघाली. पुढं डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिल्यावर एका सकाळी तिनं उंबऱ्यात बसून ते काळं पान उघडलं. अक्षरं रांगेत उभी होती. ते डोळे लांडग्याचेच होते. लांडगा एक पाऊल पुढं आला होता आणि पान संपलं होतं. बजाबाईनं पुस्तक फाटकन मिटलं. 

"आत्या, काय झालं?" वैजयंती चुलीपुढनं ओरडली. चुलीच्या धुराला बजाबाईला अजून बंदी होती.

"लांडगा हाय गं."

"मग पुढं बघा की!"

"बघतीया. जरा दम खाऊ दे."

पुस्तक तिनं मांडीखाली दाबून ठेवलं, सूप पुढं ओढलं आणि ती जोंधळ्यातले खडे वेचायला लागली.