भावजींचा आवाज

माझे दीर गावभर बोलतात, म्हणजे तो त्यांचा धंदाच आहे. रिक्षावर दोन भोंगे, मागे बॅटरी. दुकानाचा सेल असो, पाणी बंद राहणार असो, नाहीतर कुणाचं कुत्रं हरवलेलं असो, मजकूर आधी रेकॉर्ड करायचा आणि मग गल्लोगल्ली वाजवत फिरायचं. आवाज इतका भरदार की बायका हातातलं काम टाकून ऐकतात. घरात मात्र पंखा लावा म्हणायचीही चोरी. मी चिडवायची, "भावजी, भाजीत मीठ कमी असेल तर भोंग्यावरून सांगा, इथे ऐकू येत नाही."

साथ आली तसं लशीचं कामही त्यांच्याकडेच आलं. दवाखान्यात खाटा कमी पडू लागल्या तेव्हा नियम निघाला, लस घेतलेल्यांना आधी, न घेतलेल्यांनी थांबायचं. भावजींनी शेवटी पदरचं एक वाक्य जोडलं, "आपल्या वागण्याची किंमत आपणच मोजायची." लोकांना ते फार आवडलं. मलाही आवडलं, खोटं कशाला बोलू?

आणि घरात काय? त्यांचे सख्खे थोरले भाऊ, म्हणजे आमचे हे, वेल्डर. ठिणग्या अंगावर घेतील, पण सुईला भितात. ते कबूल करायचं नाही, म्हणून वर फुशारकी, "मला काय धाड भरलीय?" मी सांगून सांगून थकले. भावजींनी एकदा "दादा, ऐक ना" म्हणून सुरुवात केली, तर "जगाला शिकव, मला नको!" ज्याने लहानाचं मोठं केलं त्याच्यापुढे भावजींची जीभ वळत नाही.

मग ह्यांना धाप लागली. भोंगे उतरवून ठेवायलाही वेळ नव्हता, त्याच रिक्षेतून दवाखाना गाठला.

आत अरुंद बोळ. पुढे बंद दार, मागे माणसांची रेटारेटी, परत फिरू म्हटलं तरी वाट नाही. आणि छताजवळच्या स्पीकरमधून पुन्हा पुन्हा भावजींचाच आवाज, "न घेतलेल्यांनी थांबायचं." भावजी भिंतीकडे तोंड करून उभे होते.

दार उघडून नर्स म्हणाली, "एकच खाट आहे. पुढे कोण? लस घेतलीय?"

"आम्ही..." भावजींनी एवढंच म्हटलं आणि मागची मुलगी ओरडली, "अहो, तुम्हीच ना ते भोंगेवाले? सिस्टर, ह्यांना काय विचारता! ह्यांचं ऐकून तर मी बाबांना लस द्यायला नेलं." तिचे बाबा बाकावर भिंतीला टेकून बसले होते. ओठ निळे पडले होते.

"बरं, आणा आत," नर्स म्हणाली.

भावजींनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळे वटारले. आजही वटारीन. दारू पिऊन पडलेल्याला आधी टाके घालतात, मग शिव्या देतात. माणूस मूर्खपणा करतो म्हणून त्याने गुदमरून मरायचं का? पण तो म्हाताराही गुदमरतच होता, आणि त्याने तर सगळं सांगितल्याप्रमाणे केलं होतं.

तेवढ्यात ह्यांनी मास्क खाली ओढला. "सिस्टर, मी... नाही..."

भावजींनी तो मास्क वर केला आणि त्यावर तळहात दाबून धरला. "बोलू नकोस दादा, दम लागेल." थोरल्या भावाला त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच गप्प बसवलं. ह्यांचे डोळे विस्फारले. त्या मुलीने बाबांना क्षणभर सोडून आमच्यासाठी दार धरलं.

ह्यांना आत घेतल्यावर नर्स बाहेर येऊन म्हणाली, "आता इथे जागा नाही, दुसरीकडे बघा."

मुलीने भावजींनाच विचारलं, "दुसरीकडे म्हणजे कुठे हो?"

भावजींनी वर स्पीकरकडे पाहिलं. तिने बाबांना खांद्यावर रेलवलं आणि गर्दीतून वाट काढत गेली. पुढे काय झालं ते आम्ही कुणालाच विचारलं नाही. विचारायचं धैर्यच नाही.

हे वाचले, घरी आले. परवा उशीला टेकून बसले होते. म्हणाले, "बाकावरच्या त्या म्हाताऱ्याला मिळाली का रे खाट?"

"मिळाली दादा," भावजी म्हणाले. अगदी खणखणीत.

हे समाधानाने आडवे झाले. "तू सांगतोस म्हणजे मिळालीच असणार."